टिटवी कुठं बोलली

वहिनी, तुमच्या दहाव्याला मी ओढ्याच्या वाटेत ट्रॅक्टर आडवा लावला. चावी काढून खिशात टाकली आणि मोठ्या चाकाला टेकून उभा राहिलो. पाहुणे यायला लागले होते. बारामतीहून तुमच्या कॉलेजातली माणसं, इंदापूरकडून तुमचं माहेर, पणदऱ्याहून माझं सासर. जो तो गाडीतून उतरायचा, ट्रॅक्टरकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा. वहिनी गेल्याचं धाकट्यानं डोक्यात घेतलंय, असं मी माझ्या कानांनी ऐकलं. मी असं का करतोय हे त्या गर्दीत एकाच माणसाला न सांगता कळलं असतं, आणि त्याच माणसाच्या दहाव्याला आम्ही जमलो होतो.

आता तेरावं झालं. दारातला मांडव उतरला. घरात सगळे माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. दादा तसाही कधी फार बोलत नाही, आणि आबा मी जेवायला बसलो की उठून गोठ्याकडे जातात. हक्कानं भांडायचं माणूस म्हणजे तुम्हीच होता. तेव्हा ऐकून घ्या. मध्येच बोलायची तुमची सवय या वेळी चालायची नाही.

तुम्ही लग्न होऊन आलात त्याच वर्षी ओढ्याच्या काठानं आपली पाण्याच्या मोटारीची खोली नेली. पूर येऊन गेला होता. लख्ख ऊन पडलं होतं, ओढा पार तळाला गेला होता, लोक म्हशी घेऊन पलीकडे निघाले होते. आबा खोलीत स्टार्टर पुसत होते. तंबाखूची चंची बाहेर लिंबाच्या फांदीला अडकवलेली, ती घ्यायला म्हणून ते बाहेर आले आणि त्यांच्या पाठीमागे काठाचा अख्खा तुकडा खोलीसकट खाली बसला. फार आवाजसुद्धा झाला नाही. आबा चंची हातात धरून कितीतरी वेळ तसेच उभे होते.

घरात मोटारीचं सुतक सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी नवी सून ओढ्यात उतरून, पडलेल्या मातीचा गोळा मुठीत दाबत बसलेली सापडली. ही काय करतीया, असं आबांनी मला विचारलं. मी म्हणालो, वास घेतीया. तुम्ही मान वर करून आम्हालाच विचारलंत, पूर भरून वाहत होता तेव्हा काठ उभा होता, मग पाणी गेल्यावर का पडला? आमच्यापैकी कुणाला हा प्रश्नच पडला नव्हता. पूर आला, काठ गेला, संपलं. आम्ही मोटार उपसून काढायच्या मागे लागलो आणि तुम्ही तो प्रश्न हातातल्या चिखलासकट घरी घेऊन आलात.

पुढे तुम्ही कॉलेजात माती शिकवायला लागलात. शेतकऱ्यांच्या पोरांना माती शिकवायला कॉलेज लागतं यावर मी वर्षभर विनोद केले, तुम्ही वर्षभर मला चहाबरोबर बिस्किटं दिली नाहीत. मग एका उन्हाळ्यात तुम्ही माणसं घेऊन आलात आणि करंजाच्या झाडापाशी काठात दोन भोकं पाडलीत, एक अगदी काठाच्या तोंडाशी, दुसरं बरंच मागं. त्यात मनगटाएवढ्या नळ्या उतरवल्यात, बुडाशी वाळू, वरून चिकणमातीचं बूच. गावभर झालं, की मास्तरीणबाई बोअर घेतायत. एवढ्या बारक्या बोअरला मोटार कुठली बसवणार, असं आबांनी मनापासून विचारलं होतं. त्या नळ्यांत जे मोजायचं त्याला तुमच्या पुस्तकात छिद्रजलदाब म्हणतात. तो शब्द ऐकून आबा म्हणाले, ह्यो रोग जनावराला होतो का माणसाला? त्या दिवसापासून घरात तो शब्द बंद झाला आणि मातीतला दाब सुरू झाला.

नळीतलं पाणी मोजायच्या टेपचं बारसंही आबांनीच केलं. टेपच्या टोकाला ते पितळेचं बोंडूक, नळीत सोडलं आणि पाण्याला टेकलं की वर चाकातून शिटी वाजते. आबा दचकले आणि म्हणाले, ही कसली टिटवी आणलीया. तेव्हापासून तुम्ही कॉलेजातून फोन केलात की पहिलं वाक्य ठरलेलं, "भाऊजी, टिटवी कुठं बोलली?" मी कसा आहे, जेवलो का, ऊस कसा आहे, काही नाही. टिटवी कुठं बोलली.

मी पहिल्यांदा एकट्यानं मोजायला गेलो तो दिवस आठवतो. दोन दिवस ओढा भरून होता, मग उतरला. मी पुढच्या नळीत टेप सोडली, तर हातभर गेली नाही तोच शिटी. आपल्याकडे विहिरीचं, बोअरचं पाणी वर आलं की माणूस नारळ फोडतो. मी धावतच फोन लावला आणि म्हणालो, वहिनी, पाणी लई वर आलंय. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुमचा आवाज एकदम खाली आला. काठावरून मागं या, म्हणालात, फोन चालू ठेवा आणि करंजाच्या मागं येईपर्यंत माझ्याशी बोलत राहा. मी बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही, पण पायाखालची जमीन आपली नाही असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

संध्याकाळी तुम्ही मला अंगणात समजावून सांगितलंत. ओढा भरलेला असतो तेव्हा पाणी काठाला बाहेरून हात लावून उभं असतं. तेच पाणी मुरून काठाच्या पोटातही शिरतं. ओढा झपकन उतरला की बाहेरचा हात निघतो, पण पोटातलं पाणी इतक्या लवकर निघत नाही, ते आतून रेटत राहतं. म्हणून पूर गेल्यावर, ऊन पडल्यावर, माणसं निर्धास्त झाल्यावर काठ जातो. ओढ्यावरच्या बंधाऱ्याच्या खांबावर पाणी मोजायला रंगवलेली पट्टी फक्त ओढ्याचं सांगते. काठाचं नळीच सांगते.

मग तुम्ही टेपवर वायरमनची लाल चिकटपट्टी गुंडाळलीत. ती कुठे गुंडाळायची यावर तुम्ही किती दिवस घातलेत ते मी पाहिलं आहे. लाल पट्टी नळीच्या तोंडाशी यायच्या आत टिटवी बोलली, की काठावर कुणी जायचं नाही. आणि मोजायची रीतही बदललीत. आधी मागची नळी. ती लाल पट्टीच्या आत बोलली, तर पुढच्या नळीकडे जायचंच नाही. मी म्हणालो, पट्टी ओलांडली म्हणजे काठ पडणार का? तुम्ही म्हणालात, नाही, पट्टी ओलांडली म्हणजे आपल्याला खात्री नाही. हा काय जबाब झाला, असं मला तेव्हा वाटलं. पंचायतीत उभं राहून सांगता येईल असा तो जबाब नव्हता.

आणि मग ते ओटीचं वर्ष. तीन पावसाळे कोरडे गेल्यावर ओढा दोन्ही काठ भरून वाहिला. बायकांनी ठरवलं, पाणी उतरलं की ओढ्याची ओटी भरायची. भरल्या पुरात कुणी जात नाही, आपली माणसं शहाणी आहेत. पाणी उतरल्यावर जातात. खण, नारळ, बांगड्या घेऊन सगळी भावकी निघाली. पुढे माझी बायको सुनंदा, कारण ओढ्याला नवस तिनंच बोलला होता. सकाळची टिटवी फोनवर ऐकून तुम्ही कॉलेजातून स्कूटरवर आलात ते तडक त्यांच्या पुढ्यात. डोक्यावर हेल्मेट तसंच. वाटेत दोन्ही हात पसरून उभ्या राहिलात आणि म्हणालात, हितून पुढं कुणी जायचं न्हाय.

मी उसातून आरडाओरडा ऐकून आलो. थोरल्या काकू पुढे आल्या होत्या. सवाष्णीच्या ओटीला सवाष्णच आडवी आली, असं त्या म्हणत होत्या. मी सगळ्यांदेखत तुमच्यावर ओरडलो. देवाच्या कामात तुमची नळी कशाला, म्हणालो. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तुमचं लक्ष बायकांच्या पायांकडे होतं, कुणाचं पाऊल पुढे पडतंय का. शेवटी त्यांनी ओटी वाटेवरच्या दगडावर ठेवली आणि गप्प परत गेल्या. घरी येताना एकही बाई तुमच्याशी बोलली नाही. सुनंदाही नाही.

काठ पडला नाही. आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले, काठ जिथल्या तिथे. मी एकदा गोठ्यात तुम्हाला गाठून म्हणालोच, पडला का काठ? तुम्ही धारेचं भांडं खाली ठेवलंत.

"मी पडंल म्हणलं नव्हतं, भाऊजी. उभं राहू नका म्हणलं होतं."

या वाक्यावर मी कितीतरी वर्षं चिडलो. यात तुम्ही कधी हरतच नाही, असं मी म्हणायचो. पडला तरी तुमचं खरं, न पडला तरी तुमचं खरं. तुम्ही म्हणायचात, उलट आहे, यात मी कधी जिंकत नाही. पडायच्या आत माणसं हलवली तर लोक म्हणणार उगाच हलवली. न हलवता पडला तर मग जिंकून काय करायचं? आपलं हे भांडण भुईमुगाच्या शेंगा फोडताना, लग्नाला जाताना गाडीत, मोरगावला दर्शनाच्या रांगेत, कुठेही सुरू व्हायचं. ते संपलं नाही. तुम्ही मध्येच उठून गेलात.

एकदा मात्र तुम्ही मला गप्प केलंत. शेंगाच फोडत होतो. मी चेष्टेनं विचारलं, खरं सांगा, त्या ओटीच्या वर्षी काठ पडावा असं वाटलं होतं ना? मला वाटलं तुम्ही शेंग फेकून माराल. तुमचे हात थांबले. वाटलं होतं, म्हणालात. रोज कॉलेजला जाताना स्कूटर थांबवून बघायचे. उभा दिसला की वाईट वाटायचं. एके दिवशी तितं एक बाई गवत कापत होती आणि तरी मला वाटलं की आता पडावा. मग माझीच मला भीती वाटली. मी हसून विचारलं, मग औषध काय केलं? तुम्ही म्हणालात, काय करणार, उतरून टेप सोडली. मला तेव्हा काही कळलं नाही. मी पुढची शेंग फोडली.

यंदा बंधाऱ्याच्या खांबांमध्ये पाणी अडवायचे लोखंडी ढापे लवकर टाकले. परतीच्या पावसाचा भरवसा नाही म्हणून आपल्याकडे पाणी अडवायची घाई असते, आणि ढापे टाकले की ते काठोकाठ तुंबलेलं हिरवं पाणी बघून माणसाला झोप गोड लागते. तुम्ही तापात असतानाही त्यावरून बोलत होता. मोठा पाऊस झाला तर घाबरून सगळे ढापे एकदम ओढतील, म्हणालात, आणि पाणी एका रात्रीत खाली येईल. डेंग्यूचा ताप होता. बारामतीला दवाखान्यात नेलं तेव्हा तुम्ही चालत गाडीत बसला होता. चौथ्या का पाचव्या दिवशी मी काचेच्या खोलीत आलो तर ओठ सुकलेले, आणि तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, टिटवी कुठं बोलली? मी म्हणालो, लई खाली, वहिनी, लाल पट्टीच्या कितीतरी खाली. ते खरं होतं. तेव्हा पाऊस नव्हता. तुम्ही मान हलवलीत. पाऊस तुमच्या मागून आला.

असा आला की सुतकात बसलेली माणसं पत्र्याच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू शकत नव्हती. ओढा बंधाऱ्यावरून जायला लागला. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाच्या वस्तीत पाणी शिरणार असं दिसलं तेव्हा नवव्या दिवशी दुपारी क्रेन आणून सगळे ढापे एकदम ओढले. तेही चुकीचं म्हणता येणार नाही, तिथे घरं होती. दहाव्याच्या सकाळी पाऊस थांबला. बंधाऱ्याचे खांब उघडे पडले होते, गाळानं माखलेले. ऊन आलं. तात्या, आपल्या भावकीत सगळे विधी बघणारे, हात जोडून म्हणाले, बघा, पुण्यवान बाई, तिच्यासाठी ओढा उतरला.

दहाव्याची आपली जागा करंजाखाली, काठावर, हे काय तुम्हाला सांगायचं. आबांच्या आईचं तिथंच झालं, आईचं तिथंच झालं. मांडववाल्यानं उजाडताच काठावर मांडव ठोकला होता आणि पांढऱ्या खुर्च्यांच्या रांगा ओढ्याकडे तोंड करून लावल्या होत्या. मी टेप घेऊन गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. तुमचा फोन येणार नव्हता. आधी मागची नळी. टेप सोडली. लाल पट्टी अजून माझ्या मुठीतही आली नव्हती आणि टिटवी बोलली. टेप वर घेतली, धोतराच्या सोग्यानं बोंडूक पुसलं, परत सोडली. परत तिथंच. पुढच्या नळीकडे मी गेलो नाही. तुमची रीत. मी खुर्च्यांकडे बघितलं आणि तात्यांना शोधायला निघालो.

तात्यांना सांगितलं तर ते म्हणाले, आज न्हाय, आज तुझं काय बी नको. मांडववाल्याला म्हणालो, मागं ये, खुर्च्या राहू देत. तो हसला, पण माझं तोंड बघून आला. मग मी ट्रॅक्टर आणला.

आबा काठी टेकत आले. त्यांनी मला बाजूला हो असं सांगितलंच नाही. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "सून माझी हाय. जागा माझ्या आईची हाय. तू कोण?" मी म्हणालो, आबा, टिटवी लाल पट्टीच्या आत बोलली. त्यांनी बॉनेटवरचा हात काढला. मग वळले आणि घरी निघून गेले. तुमच्या दहाव्याला तुमचा सासरा पिंडाला हात न जोडता गेला, तो माझ्यामुळे. वहिनी, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहितो. तुम्हाला वाईट वाटेल हेही मला माहीत आहे.

गुरुजींना पुढे मोरगावला जायचं होतं. वाहतं पाणी असलं म्हणजे झालं, असं म्हणून त्यांनीच सोडवणूक केली. माळाच्या कडेनं चारीला पावसाचं पाणी वाहत होतं, तिथे मांडामांड केली. माणसं चिखलात उभी राहिली. बायका बांधावर बसल्या. तुमची लेक सुनंदाच्या खांद्यावर डोकं टेकून होती. आणि पलीकडे करंजाखाली त्या रिकाम्या खुर्च्या, ओढ्याकडे तोंड करून, कुणीतरी येणार असल्यासारख्या.

पिंड ठेवला. कावळा आला नाही. कावळे होते, पण करंजावर आणि मांडवाच्या वाशांवर. त्यांनाही ती जागा सवयीची. लोक थांबले. कुणी म्हणालं, लेकीत जीव अडकलाय. दादानं लेकीचं नीट करीन म्हणून हात जोडले. कावळा आला नाही. कुणी म्हणालं, कॉलेजात अडकलाय. कुजबुज वाढत गेली आणि शेवटी सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या. तात्यांनी पुढे होऊन पिंडाची पत्रावळ उचलली. म्हणाले, मी एकटाच जातो, करंजाखाली ठेवतो आणि येतो, एका माणसानं काय काठ पडतो काय.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्यांच्या हातात पिंड, मला त्यांना हात लावता येईना. ते डावीकडे झाले, मी डावीकडे झालो. चारशे डोळे आमच्याकडे. आणि मी काठाकडे बघितलं आणि मनातल्या मनात म्हणालो, पड. आत्ता पड. या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पड. वहिनी, मी तुमच्या पिंडासमोर उभं राहून हे मागत होतो. तेव्हा मला तुमचे शेंगांवर थांबलेले हात दिसले. इतकी वर्षं तुम्ही हे एकट्या घेऊन फिरत होता आणि मी त्याची चेष्टा केली.

दादा ओल्या धोतरात तसाच उठून आला. त्यानं तात्यांच्या हातातली पत्रावळ अलगद काढून घेतली.

"ती असती तर तिनं तुमाला तितं जाऊ दिलं असतं का, तात्या? न्हाय दिलं. मग तिच्याच नावानं कसं जाता?"

एवढं बोलून तो परत जाऊन बसला. गुरुजींनी दर्भाची काडी मोडून गाठ मारली, त्याचा कावळा केला आणि पिंडाला लावला. विधी झाला. माणसं जेवली न जेवली आणि पांगली. काठ उभा होता.

तीन दिवसांनी तात्या तेराव्याला आले. पानाचा विडा लावत, मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, काठ हाय की जागच्या जागी. पंगतीतली माणसं खाली बघून हसली. माझ्या तोंडातून जे आलं ते माझं नव्हतं.

"मी पडंल म्हणलं नव्हतं, तात्या. उभं राहू नका म्हणलं होतं."

सुनंदा वाढत होती. तिच्या हातातली पळी थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पदराला डोळे पुसत आत गेली. ओटीच्या दिवशी त्या बायकांत सगळ्यात पुढे ती होती, हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. ओरडलो एवढंच. तुम्ही हात पसरून उभ्या होता ते ओढ्याला आडवं जायला नव्हे, माझं माणूस परत लावायला. वहिनी, तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर. हे समोरासमोर म्हणालो असतो तर तुम्ही म्हणाला असता, बरं, टेप नीट गुंडाळून ठेवा.

मांडववाला रोज फोन करतो, खुर्च्या कधी नेऊ. मी म्हणतो, थांब. ट्रॅक्टर अजून तिथंच आहे, नांगरट लांबली आहे. रोज सकाळी जातो, मागच्या नळीत टेप सोडतो. पाणी खाली चाललंय, पण हळू. काळी माती सोडत नाही लवकर. काठ पडावा असं अजून एखाद्या सकाळी मनात येतं. मग तुमचंच औषध करतो. टेप वर घेतो, पुसतो, परत सोडतो.

आज सकाळी टेप गुंडाळत होतो तर वाटेनं काठीचा आवाज आला. आबा होते. हातात फडक्यात बांधलेली भाकरी आणि वर वांग्याची भाजी, तुम्हाला आवडायची तशी. दहाव्याला ठेवायची राहिली होती. ते ट्रॅक्टरपाशी आले. मोठं चाक आणि बाभळ यांच्यामध्ये एका माणसापुरती जागा आहे, त्यातून ते सहज येऊ शकले असते. आले नाहीत. चाकाच्या अलीकडेच थांबले, कपाळावर हात धरून माझ्याकडे बघितलं आणि तिथूनच विचारलं,

"टिटवी कुठं बोलली?"

मी टेपचा शेवटचा वेढा गुंडाळला. मग म्हणालो, लाल पट्टीच्या आत, आबा. अजून.

त्यांनी मान हलवली. खांद्यावरचा टॉवेल काढून चाकाच्या अलीकडे जमिनीवर अंथरला, भाकरी त्यावर ठेवली, आणि करंजाच्या दिशेनं हात जोडले.